एक दाबा

वालूरच्या धुराजीने पेटी आणली पोत्यात गुंडाळून,
आजारी करडू आणावं तशी.
म्हणाला, हिच्यात कायतरी शिरलंय.
आठ दिवसाला एकदा मोटर आपोआप चालू व्हती,
भर दुपारी, रानात कुत्रं नसताना.
मेथीचे वाफे दोनदा वाहून गेले.

सेलूच्या स्टँडमागे माझं दुकान, चहाच्या टपरीएवढं.
लोक पेटी म्हणतात, आत काय आहे विचारत नाहीत.
विचारावं तरी कशाला?
गिरणीच्या काट्यात तेच, डेअरीवरच्या फॅटच्या डब्यात तेच,
मारुतीच्या देवळात जो नगारा आरतीला स्वतःच बडवून घेतो
त्याच्या पोटातही तेच:
हरभऱ्याच्या डाळीएवढं काळं, पाय जरा जास्त असलेलं.
मी ते रोज उघडतो
आणि मला दिसतं मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी,
कधी जळक्या तारेचा वास. ते दिसत नाही.

पेटीत सिम असतं, म्हणजे विहिरीला नंबर असतो.
त्यावर कर्ज देणारे फोन करतात.
निवडणुकीत उमेदवार स्वतःच्या आवाजात मत मागतो,
आणि विहिरीवरची बाई त्यालाही सांगते,
मोटर बंद आहे, चालू करण्यासाठी एक दाबा.
त्याला दाबता येत नाही, तोही रेकॉर्डच.
कडब्याच्या गंजीआड दोघं बोलत बसतात,
कुणी कुणाचं न ऐकता.

पेटीच्या आठवणीत एक नंबर सापडला.
एक्केचाळीस वेळा.
धुराजीचा नाही, त्याच्या पोराचा नाही.
तारखा लावून पाहिल्या, सगळे बेस्तरवार.
मी फोन लावला.

कंधारकडचा आवाज, म्हातारा, मोठ्यानं बोलणारा.
हौसाजी म्हणाला नाव.
बाजाराच्या दिवशी कुणीतरी लावून देतं, म्हणाला,
मला बटनं दिसत न्हाईत, एक तेवढा हाताला कळतो.
तुम्ही मुद्रिकाच्या घरचे का?
कोण मुद्रिका?
लेक माझी. ह्यो नंबर तिचाच हाय.

बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, एवढं मला कळतं.
मुद्रिकाचा का बंद पडला ते मी विचारलं नाही.

तोच बोलत राहिला.
आवाज जरा शहरातल्यावानी झाला तिचा,
पर सांगती खरं.
लाइट न्हाई म्हणती तवा आमच्याकडं बी नसती.
एक दाबा म्हणती, मी दाबतो, लेकीचं ऐकावं.
मग म्हणती, मोटर चालू झाली, धन्यवाद.
बापाला कुणी धन्यवाद म्हणतं का सांगा.
पर बरं वाटतं.
पाणी हाय तिच्याकडं.

धुराजी बाकावर भजी खात होता. काय निघालं, म्हणाला.
मी सांगितलं.
त्यानं मिरची बाजूला काढली, मग खाल्ली.

आता नव्या पेटीत पाचच नंबर बसतात,
बाकीचा फोन ती उचलतच नाही.
धुराजीचा एक, पोराचा एक, भावाचा, सालगड्याचा.
पाचवी जागा रिकामी राहते.
ती रिकामी ठेवली की काम झालं,
त्यासाठीच तर त्यानं पेटी आणली होती.

बराच वेळ तो नगरपालिकेच्या दिव्याकडे बघत बसला,
जो अंधार पडला की कुणी न सांगता लागतो.
आत्ता लागला नव्हता.
मग म्हणाला, मेथी तर गेली,
तिथं आता घास लावलाय. घासाला चालतं.

आणि उठता उठता,
बांधावर शेजाऱ्याशी बोलावं इतक्या सहज,
बेस्तरवारची पाळी म्हाताऱ्याची.

मी पाचवा नंबर भरला.
साडेतीनशे झाले होते. त्यानं तीनशे दिले.